पान तीनशे अकरा

टायपिंगवाल्या बाईंचा एक नियम होता: टाइप करायचं, वाचायचं नाही. नोंदणी कचेरीसमोरच्या त्यांच्या अरुंद खोलीत सव्वीस वर्षं तो पाळला गेला. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नोकरीचे अर्ज, घटस्फोटाचे मसुदे, सगळं डोळ्यांतून शिरायचं आणि बोटांतून बाहेर पडायचं; मध्ये डोक्यात मुक्काम नाही. "वाचत बसले असते तर एव्हाना वेड लागलं असतं," असं त्या म्हणायच्या, आणि ते मसुदे पाहता त्यात काही खोटं नव्हतं.

नियम मोडला तो मोजणीवाल्या काकांच्या कादंबरीने. काका जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, मोजकंच बोलणारे. एके दिवशी त्यांनी हाताने लिहिलेल्या सहाशे पानांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. गोष्ट होती चाळीस वर्षं लढून खिळखिळ्या झालेल्या एका साम्राज्याची. शत्रू धुकं पाळणारे. गुरं सोडावीत तसं ते छावणीवर धुकं सोडत. त्यात सापडलेल्या माणसाचा आधी आवाज जाई, मग माणूस. शेताच्या हद्दी मोजण्यात जन्म घालवलेला माणूस असलं काही लिहील, असं बाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्या सैन्यात बावीस वर्षांचा एक निशाणवाला होता. घाबरला की बोटं मोडायचा आणि वर म्हणायचा, "थंडी वाजतेय." चाळिसाव्या पानावर बाईंचे हात थबकले. त्यांचा एकुलता एक मुलगा थेट असाच. तो आता सैन्यात होता, सरहद्दीवरच्या कुठल्याशा ठाण्यावर. त्या दिवसापासून बाई वाचायला लागल्या.

मुलाचा फोन दर रविवारी यायचा. एक रविवार चुकला, मग दुसरा. "रेंज नसेल," नवरा म्हणाला, आणि आंघोळीला जाताना मोबाइल न्हाणीघराच्या दाराशी ठेवू लागला. बातम्यांत "तुरळक चकमकी" म्हणत होते. बाईंना त्या तुरळक शब्दाचा संताप यायचा. निशाणवाला जिवंत आहे तोवर आपल्या पोराला काही होत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. हे वेडगळ आहे हे त्यांना कळत होतं. कळून भीती कमी झाली नाही.

आणि तीनशे अकराव्या पानावर धुकं उतरलं. निशाणवाला साथीदारांना हाका मारत राहिला, हाका मारता मारता त्याचा आवाज गेला, आणि मग तोही. बाईंनी ते पान उचलून खणात कोऱ्या कागदांखाली दडपलं आणि तीनशे बारापासून टायपिंग सुरू केलं. पुढे त्याच्या मरणाचा उल्लेख आला की तेवढा गाळायचा. सव्वीस वर्षांत ज्यांनी कुणाचा स्वल्पविराम गाळला नव्हता, त्यांनी हे केलं.

शुक्रवारी काका छापील पानं तपासायला आले. गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून, प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून ते वाचू लागले. बाई भाडेकरार टाइप करत होत्या. घाबरून त्यांनी घरमालकाला भाडेकरू करून टाकलं. पट्टी थांबली.

"ताई, एक पान राहिलंय."

"राहिलं नाही. मी ठेवलंय." बाईंनी खण उघडून पान टेबलावर ठेवलं आणि मग त्यांना आवरेना. "माझा मुलगा तिकडे आहे, काका. पंधरा दिवस होऊन गेले, फोन नाही. हे पान माझ्या हातून नाही होणार. दुसरीकडे करून घ्या. नाहीतर काढूनच टाका ना!"

काका पट्टी कागदाच्या कडेला लावत, पुन्हा लावत बसले.

"माझा थोरलाही तिकडेच होता," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. गेला, एवढं कळवलं. कसा गेला ते कुणी सांगितलं नाही. मग मीच लिहिलं. बाकीची पानं म्हणजे त्या एका पानापर्यंत जायचा रस्ता."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'द्या, करते टाइप,' एवढंच म्हणायचं होतं. पण त्यांनी पान काकांकडे सरकवलं. खरं सांगायचं तर एवढं ऐकूनही त्यांना ते पान नकोच होतं.

काकांना ते दिसलं असावं. त्यांनी पेन मागितलं, पानावर पट्टी तिरकी ठेवली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ मारली.

"तुमचा तरी येऊ दे," ते म्हणाले.

मग त्यांनी कोरा कागद घेतला, वर ३११ असा आकडा घातला, आणि पेन वर उचललं.

"पण मग हा पुढे काय करतो?" त्यांनी विचारलं. "धुक्यातून बाहेर आल्यावर? नऊ वर्षांत मला एकदाही सुचलं नाही. तुम्ही सांगा."

बाईंनी टेबलावरच्या मोबाइलकडे पाहिलं. तो गप्प होता.

"घरी येतो," त्या म्हणाल्या.

"कसा?"

"न कळवता. भर दुपारी. दार ढकलून सरळ आत, आणि आधी जेवायलाच मागतो."

"हातपाय?"

"धड. सगळे धड."

काकांचं पेन कागदावर टेकलं.

"हळू सांगा," ते म्हणाले. "मला सगळं लिहून घ्यायचंय."