मिलचा पट्टा, कागदाचं टोपलं

मी मुखेड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. दरवर्षी आमच्याकडे ‘टाकाऊपासून टिकाऊ’चं प्रदर्शन भरतं. बाटलीची फुलदाणी, लग्नपत्रिकांचं तोरण, करवंटीचं कासव, जुन्या साडीची पायपुसणी. सरपंच फीत कापतात, मुख्याध्यापक मला चार शब्द बोलायला लावतात, आणि मी दरवर्षी तेच बोलते की कुठलीच वस्तू वाया जात नाही, नुसते हात आणि डोकं पाहिजे. टाळ्या पडतात. तेव्हा माझ्या मनात काय चाललेलं असतं ते टाळ्या वाजवणाऱ्यांना कळलं तर पुढच्या वर्षी मला माईक देणार नाहीत. कारण आमच्या घरात टाकाऊपासून जी पहिली टिकाऊ वस्तू तयार झाली, ती आम्हाला मारण्यासाठी तयार झाली होती.

आम्ही लातूरला राहायचो, डाळमिलांच्या मागच्या वस्तीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते मिलमध्ये मशिनीवर होते. मशिनीचा पट्टा झिजला की नवा चढवायचे आणि जुना कोपऱ्यात फेकायचे. त्यातलाच एक हातभर तुकडा अण्णांनी घरी आणला. आईच्या विळीवर त्याच्या कडा नीट कापल्या, तापलेल्या खिळ्यानं एका टोकाला भोक पाडलं, त्यातून सुतळीचा फास ओवला. फास अशासाठी की मारताना पट्टा हातातून सुटू नये. मग त्याला गोडेतेल चोळून दारामागच्या खिळ्यावर, कालनिर्णयाच्या शेजारी टांगला. हे सगळं त्यांनी एका रविवारी, शांतपणे, मान खाली घालून केलं. मला आठवतंय, मी शेजारी बसून कौतुकानं बघत होते. मला वाटलं, झोपाळ्याचं काहीतरी चाललंय.

त्या पट्ट्याला अण्णा ‘मास्तर’ म्हणायचे. ‘मास्तरला उतरवू का?’ एवढं म्हटलं की घरातली भांडीसुद्धा वाजायची थांबायची. अण्णा दारू पीत नव्हते. प्याले असते तर बरं झालं असतं असं मला कित्येकदा वाटलंय, कारण दारूवर खापर फोडता येतं. ते एकादशी धरायचे, मिलमध्ये कुणाशी अरेरावी करायचे नाहीत, आणि घरी येऊन हातपाय धुऊन, तोंड पुसून, मग पट्टा काढायचे. पट्ट्यातल्या जाड कापडाची वीण कातडीवर उमटायची. माझ्या मांडीवर, आईच्या पाठीवर, आणि सगळ्यात जास्त माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर. आम्हा तिघांच्या अंगावर एकाच छापाची नक्षी असायची.

धाकट्याचा गुन्हा एवढाच की तो अण्णांचा एकुलता एक मुलगा होता आणि आम्ही लातूरला राहत होतो. या गावात दर दुसऱ्या भिंतीवर डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो. अण्णांना त्यातला एक फोटो आपल्या घरचा हवा होता. क्लासच्या टेस्टचे मार्क रविवारी संध्याकाळी त्यांच्या मोबाईलवर यायचे. ते चष्मा लावून मेसेज वाचायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे, आणि उठायचे. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत न्हाई,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. देव कुणाला व्हायचं होतं? त्या पोराला विजेच्या मोटारी उघडून बघायला आवडायचं. बंद पडलेला मिक्सर शेजारची बाई त्याच्याकडेच आणून द्यायची.

एका खंडेनवमीला मी एक उद्योग केला. आमच्याकडे त्या दिवशी ज्याच्यावर घर चालतं ती हत्यारं पूजेला मांडतात. अण्णांनी आपले पाने-पक्कड धुऊनपुसून मांडले. शेजारी धाकट्याच्या क्लासच्या नोट्सचा गठ्ठा मांडला, उंच, त्यावर झेंडूचं फूल. आईनं विळी आणि येसूर मसाला कांडायचं मुसळ ठेवलं. अण्णा आंघोळीला गेले तेव्हा मी दारामागून मास्तर काढला, त्याला हळदीकुंकू लावलं आणि नोट्सच्या शेजारी सरळ आडवा ठेवला. आमचं घर ज्या हत्यारावर चालत होतं ते हत्यार मी मांडलं, त्यात माझं काय चुकलं? मला आजही त्याचा पश्चात्ताप नाही.

अण्णांनी ते पाहिलं. आरती पूर्ण केली, प्रसाद वाटला, आणि मग ओल्या हळदीसकट पट्टा उचलला. माझ्या कुर्त्याच्या पाठीवर पिवळे पट्टे उठले आणि त्याखाली लाल. आई मध्ये पडली तशी तिच्या मानेवर एक बसला. हळद धुऊन गेली तरी तो कुर्ता मी पुन्हा घातला नाही. फेकलाही नाही, त्याचं पुसणं केलं. आमच्या घरात काही वाया जात नसे.

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत धाकट्याला दुसऱ्यांदाही मार्क कमी पडले. निकाल आला त्या दुपारी अण्णांनी जे केलं त्याला मारणं म्हणत नाहीत. पोरगं भिंतीला पाठ लावून खाली बसलं होतं आणि तोंड वाचवायला त्यानं हात वर धरला होता. पट्टा त्याच हातावर पडत राहिला. मग अण्णांनी पट्टा टाकून तो हात धरला आणि पिरगाळला. मनगटातून जो आवाज आला तो मी ऐकला. वाळलेली तुरीची काडी मोडावी तसा. दवाखान्यात आम्ही सांगितलं की गाडीवरून पडला. डॉक्टरनं आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि प्लास्टर घातलं.

घरी आल्यावर अण्णा म्हणाले की पोरगं तिसऱ्यांदा बसेल. क्लास बंद, घरीच बसून, याच नोट्सवर. आईनं हळूच विचारलं, किती दिवस? अण्णा म्हणाले, ‘ह्या नोट्स हाईत तवर बसायचं.’

दोन दिवसांनी आई गच्चीवर वाळवण उलथायला गेली तर धाकटा कठडा नसलेल्या बाजूला उभा होता. पायांची बोटं काठाच्या बाहेर. आई ओरडली नाही. ‘बाळा, ह्या कुरडया जरा उचलू लाग, मला एकटीला होईना,’ एवढंच म्हणाली. तो वळला आणि एका हातानं तिच्याबरोबर कुरडया गोळा करू लागला. खाली आल्यावर तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं. ‘लेकरू जाईल माझं,’ ती म्हणाली. ‘अजून एक वर्स न्हाई टिकायचं ते.’

त्याच आठवड्यात मिलच्या मालकानं अण्णांना धर्माबादला पाठवलं, तिथं नवी मशीन बसवायची होती. अण्णा एसटीत बसले आणि आईनं अंगणातला पाण्याचा ड्रम रिकामा केला. मग नोट्सचा गठ्ठा उचलून माझ्यासमोर आपटला आणि म्हणाली, फाड.

मुखेडकडच्या तिच्या माहेरी बाया रद्दी कागदाची टोपली करायच्या. कागद भिजत घालायचा, पाणी बदलत राहायचं, पार गळाला की पिळायचा, भिजवलेल्या मेथ्या घालून उखळात कांडायचा. मेथ्यांनी लगदा चिकट होतो आणि कडवटपणामुळे कीड लागत नाही. मग पालथ्या घागरीवर तो थापून वाळवायचा. आईला हे सगळं येत होतं, पण लातूरला आल्यापासून तिनं कधी केलं नव्हतं. आमच्याकडे छापील कागदाला पाय लागला तरी कपाळाला हात लावायचा असतो. त्या घरात ती दोन वर्षांच्या नोट्स उखळात घालायला निघाली होती. मी फाडत होते आणि सारखी फाटकाकडे बघत होते. थोड्या वेळानं धाकटा बाहेर आला, उंबऱ्यावर बसला, आणि डाव्या हातानं एकेका गठ्ठ्याच्या पिना उपसू लागला. पिना राहिल्या तर टोपल्यात हाताला टोचतात.

कागद गळाला तसा अंगणभर आंबूस वास पसरला. ज्या दिवशी कांडायला घेतलं त्या दिवशी आईनं पदर कमरेला खोचला आणि सकाळपासून मुसळ हाणायला सुरुवात केली. हाणायला असंच म्हणावं लागेल. येसूर कांडताना ती मला अशी कधी दिसली नव्हती. दात आवळलेले, केस सुटलेले, प्रत्येक घावाला घशातून हुंकार. लगदा उडून भिंतीवर चिकटत होता. मी म्हटलं, आई, दमलीस, मी घेते. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या उखळात तिच्या डोळ्यांना नोट्स दिसत नव्हत्या हे मला कळत होतं आणि मला तिची भीती वाटत होती.

अण्णा त्याच दिवशी भर दुपारी आले. आम्हाला वाटलं होतं संध्याकाळी येतील. फाटकातूनच त्यांनी ड्रम पाहिला, उखळ पाहिलं, पिळून ठेवलेल्या कागदावरची छापील अक्षरं पाहिली. पिशवी तिथेच टाकून ते आत गेले आणि बाहेर आले तेव्हा फास मनगटात होता. या वेळी हातपाय धुतले नव्हते.

पहिला आईच्या पाठीवर पडला. तिनं मुसळ थांबवलं नाही. दुसरा खांद्यावर, तिसरा पुन्हा पाठीवर, आणि मधेमधे मुसळ उखळात पडतच होतं. अंगणात दोनच आवाज. धाकटा उठून उभा राहिला आणि प्लास्टरचा हात घेऊन मध्ये घुसायला लागला. मी त्याला मागून गच्च धरलं. चौथ्या वेळी आईनं मुसळ आडवं उचललं. पट्टा त्याच्याभोवती गुंडाळला गेला आणि तिनं दोन्ही हातांनी मुसळ खाली ओढलं. अण्णांनी पट्टा सोडला असेल, पण फास सोडत नव्हता. त्यांनीच तो तसा केला होता. ते तोल जाऊन गुडघ्यांवर आले आणि त्यांचा हात उखळाच्या दगडी काठावर आपटला.

आईनं मुसळ पट्ट्यातून सोडवलं आणि पट्ट्याच्या मोकळ्या टोकावर पाय दिला. अण्णांचा पंजा काठावर पसरलेला, फास मनगटात रुतलेला. मुसळ वर गेलं. वस्तीतल्या बाया फाटकाशी जमल्या होत्या, त्यांच्यातलीही कुणी हलली नाही. मला वाटत होतं की ते खाली यावं. त्या हातावरच यावं. धाकट्याच्या मनगटाचा आवाज मला पुन्हा एकदा ऐकायचा होता, दुसऱ्या मनगटातून. हे मी लपवून काय करू?

आई म्हणाली, ‘तुमीच म्हनलाव, नोट्स हाईत तवर. आता न्हाईत.’

आणि मुसळ आलं. अण्णांच्या बोटांना घासून ते उखळात गेलं आणि लगदा त्यांच्या तोंडावर उडाला. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. आईनं मुसळ पुन्हा वर उचललं. ‘पुन्यांदा लेकराला हात लावलाव तर मी कुटं हाणीन ते मला ठावं न्हाई,’ ती म्हणाली. मग तिनं पाय उचलला. अण्णांनी फासातून हात सोडवला, कपाळावरचा लगदा पुसला, आणि कुणाकडेही न बघता फाटकातून मिलकडे निघून गेले. फाटकाशी एक म्हातारी म्हणाली की बाई, आता तुझं काही खरं नाही. आई म्हणाली की उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं, आणि पुन्हा कांडायला लागली.

संध्याकाळी तिनं पालथ्या घागरीवर राख भुरभुरवली आणि लगदा थापला. पाठीवर वळ होते, त्यांना मी तेल लावायला गेले तर म्हणाली की नंतर, थापताना मध्येच सुकलं की भेगा पडतात. टोपलं वाळलं तेव्हा तिनं मास्तरला विळीवर धरलं आणि मधोमध कापलं. दाभणानं टोपल्याच्या दोन बाजूंना भोकं पाडली आणि त्याच सुतळीनं पट्ट्याचे दोन तुकडे कड्या म्हणून शिवले. अण्णा ओसरीवर बसून हे बघत होते. परीक्षेचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. अण्णांनी वर्षभर आईशी शब्द काढला नाही आणि धाकट्याशी आजही कामापुरतंच बोलतात. धाकट्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. थंडीत त्याचं मनगट दुखतं, तेव्हा तो तार डाव्या हातानं गुंडाळतो. मला अण्णांचा राग येतो, त्यांचे केस पिकले तरी येतो. माया किती आहे ते मी तपासून बघितलेलं नाही.

ते टोपलं भाकरीचं आहे. काठ धरून ओढलं तर त्याचे टवके निघतात, म्हणून कड्या धरूनच उचलावं लागतं. अण्णा आता घरीच असतात. दोन्ही वेळच्या जेवणाला ते आपल्या पट्ट्याला धरून टोपलं पुढे घेतात, भाकरी काढतात आणि मागे सारतात. आत, तळाशी, नीट न गळालेला कागदाचा एक कपटा अजून दिसतो. त्यावर अर्धा प्रश्न आहे.

खंडेनवमीला मी सुट्टी काढून लातूरला जाते. पाने-पक्कड आता धाकट्याची असते. आई विळी मांडते, मुसळ मांडते आणि त्यांच्या शेजारी ते टोपलं. पूजा अजूनही अण्णाच करतात. विळीला हळदकुंकू लावतात, मुसळाला लावतात, टोपल्याच्या काठाला लावतात, आणि ताम्हणाकडे हात नेतात. दरवर्षी आई मागून म्हणते, ‘कड्यांनाबी लावा.’

ते परत वाकतात. दोन्ही कड्यांना लावतात.