रॅम्पखालची घंटी

आज दुपारी कुवेतमधल्या जाब्रिया भागातल्या एका नव्या क्लिनिकची तपासणी होती. रॅम्पचं ड्रॉइंग माझं. नापास झालं, तर उद्घाटन पुढे जाणार.

तपासायला आलेल्या सरकारी अधिकारी स्वतः व्हीलचेअर वापरतात. या पदावर येण्याआधी त्या अपंगांच्या हक्कांसाठी अनेक वर्षं भांडल्या आहेत. त्या आधी चढ मोजतील, असा माझा अंदाज होता. जागा कमी पडली म्हणून मी चढ जास्त ठेवला होता आणि मदतीसाठी खाली घंटी दिली होती.

"दाबा ना मॅडम, आपला माणूस धावत येतो," आमचे रत्नागिरीचे फोरमन रफीकभाई म्हणाले.

मॅडमनी घंटी दाबली. कोणी आलं नाही. गार्ड जुहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजला गेला होता. रफीकभाई खुर्ची ढकलायला पुढे झाले.

"तुम्ही रोज इथे असणार आहात का?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"मग थांबा."

आम्ही उन्हात अकरा मिनिटं थांबलो. गार्ड माफी मागत आला.

"नमाज पढलास, बरं केलंस," मॅडम त्याला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुझ्या ड्रॉइंगमध्ये हा माणूस कुठे आहे?"

"नाही दाखवलेला. चूक माझी आहे."

उद्घाटन पुढे गेलं. डॉक्टरांच्या दोन पार्किंग काढल्या, तर बारा फुटांना एक फूट हा नियमातला चढ बसतो. तसं नवं ड्रॉइंग सुरू केलंय.

तुमच्याकडच्या रॅम्पवर व्हीलचेअरवरून कोणी एकट्याने चढताना तुम्ही पाहिलंय का? मी आजवर सहा रॅम्प काढले. एकदाही पाहिलेलं नाही.