समुद्रातून आणलेली माती

मलकापूरहून जळगाव जामोदला जाणाऱ्या एस.टी.त एक तरुण मुलगी माझ्या शेजारी बसली होती. माती भरलेली काचेची छोटी बाटली ती गचका बसला की पोटाशी धरायची.

"काय आहे गं?" मी विचारलं.

"समुद्राच्या तळाची माती, काकू. जुन्या काळचा पाऊस याच्यातून समजते. त्याच्यावरच पीएचडी करून राह्यली मी. आपल्या पूर्णेचा गाळ तापीतून तिथंच जाते. पुरात आमचं वावर खरडलं, तवापासून बाबा विचारतात, माती गेली कुठी? त्याइले दाखवतो आता."

तिच्या गावच्या फाट्यावर वडील उभे होते. तिनं उतरल्या उतरल्या माझ्या खिडकीखालीच बाटली त्यांच्या हातात दिली. "बाबा, समुद्राच्या तळाची हाय. हजारो वर्षांपूर्वीच्या पावसानं वाहून नेलेली."

त्यांनी ती उन्हात धरून पाहिली. मग हळूच विचारलं, "आपण कोनीच नव्हतो, तवाही पाऊस येत होता का, माय?"

"हाव बाबा. येत होता."

एस.टी. सुटली, तरी मी खिडकीतून मागं वळून त्या दोघांकडे पाहत राहिले.