दोन पेले आणि एक इंजेक्शन

तमाम सुज्ञ जनांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, गेल्या उन्हाळ्यात कौलं चाळता चाळता मी छपरावरून खाली आलो. शिडीने नव्हे.

मांडीचं हाड मोडलं. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, अगदी आत. रुग्णवाहिका येईपर्यंत मी असा ओरडलो, की बैल विहिरीत पडला समजून पलीकडच्या पाड्यावरची माणसं दोर घेऊन धावली.

बायको गावच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. भट्ट्या फोडणारी बाई. ती आत गेली, पितळी पेला घेऊन आली आणि माझ्या कानाशी लागली, "गुमान प्या. आन् कोनाला बोलायचं नाय." मोहाची होती, पहिल्या धारेची. मोठा मार लागला की आमच्याकडे अजूनही हेच पाजतात. दोन पेले पोटात गेल्यावर वासासाठी तिनेच माझ्या तोंडात मूठभर लवंगा कोंबल्या.

रुग्णवाहिका शहापूरच्या रस्त्याला लागली आणि प्रत्येक खड्डा मांडीतून मस्तकात जाऊ लागला. तरुण डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, बोटाला चिमटा लावला. यंत्र टिकटिकू लागलं.

"काका, अफूच्या जातीचं औषध देतेय. दुखणं उतरेल, पण श्वास मंदावू शकतो, म्हणून थोडंच देते. आज दारू घेतलीय का? खरं सांगा. दारूवर हे जिवाशी येतं."

मी बायकोकडे पाहिलं. तिने मधल्या उघड्या खिडकीतून ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर आमच्याच गावचा जावई. त्याच्या कानावर पडलेलं संध्याकाळी पारावर पोचणार.

"छे! आमच्या घरात?" मी म्हणालो. गावच्या नाटकात वीस वर्षं कामं केली, पण एवढं महागडं वाक्य कधी टाकलं नव्हतं.

औषध गेलं. दुखणं मांडी सोडून पायथ्याशी जाऊन बसलं. वा, म्हणालो मनात! आणि मग लक्षात आलं, की श्वास आपोआप येत नाहीये. तो आठवणीने घ्यावा लागतोय. एक घेतला. पुढचा विसरलो. सांगून टाकावं म्हटलं, तर जीभ भिजल्या गोणपाटासारखी जड. मेलो, मी मनातल्या मनात ओरडलो, लवंगा चघळत मेलो!

यंत्र कर्कश ओरडायला लागलं. डॉक्टरबाईंनी माझ्या तोंडावर ऑक्सिजन लावला, छातीवर मुठीची हाडं रगडली. "काका, डोळे उघडा! श्वास घ्या! एवढ्याशा डोसने असं व्हायला नको... ताई, यांच्या पोटात काय गेलंय?"

बायकोच्या बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या. पुढे ड्रायव्हरने रेडिओ बंद केला.

"मीच पाजली वो बाई, दोन पेले! समितीनं जप्त केलेल्या कॅनातली!"