सहा काड्यांचा बोल्ट

चिखलीतल्या आमच्या नटबोल्टच्या दुकानात कुणी इंच मागत नसे, आणि मिलिमीटर कुणाच्या बापानंही ऐकला नव्हता. हिशोब सगळा सुताचा. इंचात आठ सूत, म्हणून अर्धा इंची बोल्ट तो चारसुती. माल तागडीत टाकायचा आणि किलोवर विकायचा. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले तेव्हा बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून मला गल्ल्यावर बसायला मिळालं. नाहीतर विधवा मुलीला स्वयंपाकघराबाहेर बसू देतं कोण? बसले ती बसलेच. येणारेजाणारे वळून वळून बघायचे. बघा म्हटलं, डोळे तुमचे आहेत.

महाराष्ट्र होऊन दहाबारा वर्षं झाली असतील. बाहेरून आलेल्या जुन्या ट्रॅक्टरांचे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि दुकानात नवा मिलिमीटरचा माल येऊ लागला होता. जुन्या अमेरिकन बोल्टच्या डोक्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या उठावाच्या रेघा असत. आम्ही त्यांना काड्या म्हणायचो. तीन काड्या म्हणजे त्यांच्या हिशोबात पाच नंबर, सहा काड्या म्हणजे आठ नंबर, सगळ्यात कणखर. नव्या मालावर काड्या नाहीत, नुसते आकडे: ८.८ किंवा १०.९.

मुंबईहून माल घेऊन येणाऱ्या विक्रेत्याला मी एक अख्खी दुपार सोडलं नाही. वैतागला बिचारा, पण सांगून गेला. पहिला आकडा ताकदीचा. आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ऐंशी किलोची ओढ सोसणार, दहा म्हणजे शंभर किलोची. जुना सहा काड्यांचा शंभराच्याही थोडा वर. म्हणजे तीन काड्यांच्या जागी ८.८ चालेल, सहा काड्यांच्या जागी १०.९ लागेल. यात अवघड काय आहे ते मला आजही कळत नाही. पण आमच्या भागात सगळे एकच चूक करायचे. जुना आठ नंबर गेला ना, मग आठ लिहिलेला द्या! बाबाही तेच म्हणायचे.

असंच मागत एक पाटील आले. मोठे बागायतदार, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या अमेरिकन ट्रॅक्टरच्या हुकाचे, म्हणजे ट्रॉली जिथं अडकवतात त्या पट्टीचे, बोल्ट खराब झाले होते. जुना बोल्ट त्यांनी गल्ल्यावर ठेवला. चारसुती, डोक्यावर सहा काड्या.

"याच्यातले चार दे बाई. उद्या ट्रॉलीत वऱ्हाड घेऊन राजूर घाट उतरून राह्यलो."

तसे बोल्ट आमच्याकडे उरले नव्हते. मी तसं सांगितलं. पाटलांचं लक्ष शेजारच्या खोक्याकडे गेलं. त्यात बारा मिलिमीटरचे ८.८ होते.

"हे काय? आठच तं लिहेल हाय याच्यावर."

"तो आठ येगळा पाटील. हा तुमच्या बोल्टापेक्षा नरम हाय. अन् चार सुतापेक्षा बारीक बी हाय, भोकात खेळन."

"खेळू दे. घासलेटच्या डब्याचा पत्रा गुंडाळतो त्याले."

हा आमच्याकडचा सर्रास उपाय होता. ढिल्या बोल्टला पत्रा गुंडाळायचा की झालं काम. पत्र्यानं भोक भरतं, ताकद भरत नाही. मी म्हटलं, "दहा पॉइंट नऊचे अकोल्याहून मागवते. तवर ट्रॉलीत माणसं बसवू नका. वऱ्हाड एस्टीनं न्या."

पाटील बाबांकडे वळले. "भाऊ, तुमची पोरगी गिऱ्हाईक पिटाळून राह्यली."

बाबा माझ्यावर उखडले. "दे त्याहिले. तुले काय करा लागते?"

"नाई देत. घाटात तुटला म्हणजे?"

वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी, आणि विधवेच्या तोंडून 'तुटला' हा शब्द! पाटलांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. बाबा तर उठून उभेच राहिले. "आत जाय," म्हणाले, "आत्ताच्या आत्ता. उद्यापासून गल्ल्यावर दिसू नको मले." मी खोकं उचलून मांडीवर घेतलं आणि तिथंच बसून राहिले. माझ्या मांडीवरून ते खोकं ओढून घ्यायची दोघांचीही हिंमत झाली नाही. पाटील रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले आणि तेच बोल्ट, तेच ८.८, घेऊन आले. येताना मुद्दाम मला दाखवले.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या आधी मी दुकान उघडलं. बाबा आले आणि गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या बाकावर जाऊन बसले. आईनं डबा पाठवला, तो तसाच राहिला. माझा जीव घाटात होता. त्या ट्रॉलीत बायका होत्या, कडेवरची लेकरं होती. दगा होऊ नये, माझं म्हणणं खोटं ठरावं, चारचौघांत माझी फजिती झाली तरी चालेल, असं दिवसभर मनात चाललं होतं. तरीही कुणी येऊन तेच मागितलं असतं तर मी तेच उत्तर दिलं असतं.

वऱ्हाड सुखरूप परतलं. बोल्ट तुटला नाही. सगळेच लगेच तुटतात असं थोडंच असतं? पाटील पेढ्यांचा पुडा घेऊन आले. बाबांना पेढा दिला, दुकानात उभ्या असलेल्यांना दिला. माझ्यापुढे पुडा धरला आणि हसत म्हणाले, "घे बाई. तुले वाटे तसं काई झालं नाई. तुले तं तो तुटावाच वाटत होता, नाई का?"

लोक हसले. मी पेढा घेतला. गोडाशी माझं काही वैर नव्हतं.

"तसं वाटलं असतं पाटील," मी म्हटलं, "तं इकला असता नं तुमाले."

कुणी हसलं नाही. पाटलांनी पुडा बांधला आणि ते निघून गेले. बाबांनी त्यानंतर मला गल्ल्यावरून उठ म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मी उठले नसते.