वाढत्या पावलाचे माप

"पाऊल दाखवा," हा मिस्त्रींचा गिऱ्हाइकाला पहिला हुकूम. माधवनगरात ते गिटारवाल्यांसाठी पेडलचे, म्हणजे पायाने दाबून आवाज बदलण्याच्या यंत्राचे, अॅल्युमिनियमचे डबे बनवीत. पावलाभोवती कागदावर रेघ ओढायची, ती संगणकात उतरवायची आणि एका दाबात दोन बटणे दबणार नाहीत अशी भोके तिच्याभोवती आखायची, ही त्यांची रीत.

आठवीतल्या नातवाला, निखिलला, वाढदिवसाची भेट म्हणून मी तिथे घेऊन गेलो. "ठसा घेण्यापूर्वी लेखी संमती आवश्यक आहे," मी ठणकावले.

"आवं साहेब, पाय मोजतोय, अंगठा न्हाई घेत!"

निखिल खदखदून हसला. मी हसलो नाही.

आखणीचा छापील कागद डब्यावर चिकटवण्यापूर्वी मिस्त्री त्यावर पोलादी पट्टी धरीत. छपाईत चित्र किंचित आक्रसते आणि भोके चुकतात. "यंत्र खोटं बोलत न्हाई," ते म्हणत, "पर कमी बोलतंय."

निखिलचा डबा पट्टीपर्यंत आला आणि थांबला. तासगाव रस्त्यावर फलक वा कुंपण न लावता खणलेल्या खड्ड्यात त्याची सायकल गेली. तो वाचला नाही. संबंधित खात्याला मी आजही पत्रे लिहितो. खाते ती 'योग्य कार्यवाहीस्तव' पुढे ढकलते. खड्डा मात्र दुसऱ्याच दिवशी बुजवला, हे नमूद करतो.

मला तो डबा हवा होता. मिस्त्री भोके पाडीनात. वर्षभर "बघू" ऐकल्यावर मी नोटीस धाडली: ठरलेली वस्तू पूर्ण करून वारसाच्या स्वाधीन करावी. ती नोटीस हातात धरूनच ते माझ्या दारात आले आणि मला दुकानात घेऊन गेले.

पडद्यावर निखिलचे पाऊल होते. त्याभोवती किंचित मोठी दुसरी रेघ. बटणेही सरकलेली.

"त्याच्या वाढदिवसाला काढली," मिस्त्री म्हणाले. "वाढतं पोर हाय, साहेब. भोक पाडलं की माप थांबतंय."

"हे माप कोणत्या आधारावर?" माझा आवाज चढला.

"माझा थोरला त्या वयात एवढाच वाढला हुता."

मी नोटीस मागे घेतली. पुढे दर वाढदिवसाला मी त्या पडद्यापुढे जाऊन उभा राहत असे. मिस्त्री चष्मा पुसत आणि बाहेरून एक रेघ ओढीत. एका वर्षी म्हणाले, "आता तुमची चप्पल येतीया बगा त्याला."

गेल्या हिवाळ्यात मिस्त्री गेले. निखिल तेव्हापासून वाढलेला नाही.