अक्काच्या ओळी उतरवायला धाराशिवला

मी जळकोटची. वय सत्तरीच्या पुढं. किती पुढं ते आधार कार्डाला विचारा, तेही अंदाजेच सांगतंय. मला अक्षर येत न्हाई. मी फोनवर बोलतेय आणि पुण्यात माझी सून मेघा लिहून घेतेय. हा ब्लॉग तिचाच. ती बर्फात जाते, समुद्रात उड्या मारते आणि इथं लिहिते. यावेळी म्हणाली, "आई, आता तुमचा प्रवास सांगा." जळकोट ते धाराशिव म्हणजे काय हिमालय न्हाई. पण माझ्या गुडघ्यांना विचाराल तर लई फरकही न्हाई.

बातमी आणली अंगणवाडीच्या सुनीतानं. धाराशिवला दोन दिवसांचं लेखन शिबिर, तेही ज्यांना लिहिता येत न्हाई अशा बायांसाठी. म्हटलं, "अगं, हे तर बोळक्या तोंडाला हुरड्याचं आवतण झालं."

"तुमी नुसतं बोलायचं आजी. लिहिणारं माणूस तेच देनार."

"नुसतं बोलायचं? मग दोन दिवस पुरतील व्हय?"

ती हसत गेली. मी चुलीपुढं बसले आणि मनात ठरलं, जायचं. कारण अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. एकाच मांडवात आमची दोघींची लग्नं झाली, दोघा भावांशी. त्यानंतर जन्मभर खुरपणीला तिची पात, म्हंजे खुरपायला वाटून आलेला पट्टा, माझ्या पातीशेजारी. खुरपताना आमचं गाणं चालायचं. ती ओळ ओढायची, मी झेलायची. ती विचारायची, मी उत्तर द्यायची, आणि आमचा एक नेम होता: एकीची ओळ दुसरीनं म्हणायची न्हाई. गाणी कुणाची घेतलेली नव्हती, आमची आम्हीच जोडलेली. मागच्या दिवाळीआधी अक्का गेली. मालक त्याआधीच गेले, पोरगा पुण्याला. आता घरात बोलायला मी, ऐकायलाही मीच. म्हटलं, मी जायच्या आधी अक्काच्या ओळी कागदावर उतराव्यात. माझ्या राहिल्या तरी चालतील, तिच्या जाऊ नयेत.

आता तुम्हाला यायचं असेल तर रस्ता सांगते. जळकोटला सोलापूर-हैदराबाद हायवे आहे, ट्रकांना तोटा न्हाई, पण ट्रक थांबत न्हाईत. नळदुर्गची एसटी धरायची. बायांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरला म्हटलं, "अर्ध्या तिकिटात अर्ध्या रस्त्यात उतरवू नका म्हंजे झालं." नळदुर्गला चहा घ्या, आणि वेळ असेल तर किल्ला बघा. बोरी नदीला पाणी असलं की किल्ल्यातनं पाणी कोसळतं. मी एवढी जवळ राहून दोनदाच बघितला, दोन्ही वेळा अक्कासोबत. यावेळी बसमधनंच मान वळवली आणि परत सरळ केली.

तिथनं तुळजापूर. आईला स्टँडवरनंच हात जोडले. म्हटलं, पायऱ्या तुझ्या लई आणि गुडघे माझे दोनच. स्टँडवर मिरचीभजी गरम मिळाली. सवयीनं कागदाचे दोन तुकडे केले आणि एकावर दोन भजी वेगळी काढली. मग बघत बसले. शेवटी तीपण मीच खाल्ली, पण गार.

धाराशिवला स्टँडपासून रिक्षानं जा. आधी भाडं ठरवा. शिबिर एका संस्थेच्या हॉलमध्ये होतं. सतरंज्या, पंखे, मोठा माठ. ऊस तोडणाऱ्या बाया, झाडूवाल्या बाया, नवऱ्यानं सोडलेल्या, नवऱ्याला सोडलेल्या. माझ्या शेजारी मुमताजबी, डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव बांगड्या भरणारी. तिनं माझे मोकळे हात बघितले आणि म्हणाली, "क्या गे बुड्ढी, मेरा धंदा बंद करती क्या?"

"तुझा धंदा मालकानं नेला सोबत," मी म्हटलं. ती हसली. तिचा पण गेलेलाच.

तिथली पद्धत अशी. प्रत्येक बाईला एक लिहिणारा. तुम्ही सांगायचं, त्यानं तसंच लिहायचं, एक शब्द सुधरायचा न्हाई. मग दोनदा मोठ्यानं वाचून दाखवायचं. बाई म्हणाली 'व्हय, हे माझं' तरच कागद पक्का. मला मिळाले माणिकराव, पोस्टातनं रिटायर झालेले. जन्मभर लोकांची पत्रं लिहून दिली, वाचूनही दिली. म्हणाले, "बाई, तुमी तोंड, मी हात. मदी डोकं कुनाचंच न्हाई."

मी ऐटीत मांडी घातली. अक्काचं, आमच्या गाण्याचं सांगितलं आणि माझी ओळ म्हटली:

"सांगू नको सासूबाईला, चिंच खाल्ली दोघींनी."

"आन ह्याच्या आधी अक्कांची?"

मी तोंड उघडलं. काय आलंच न्हाई.

मला वाटलं, गावाबाहेर आलेय म्हणून. पाणी प्याले. दुसरी ओळ धरली, तिसरी धरली. माझी येत होती, तिची न्हाई. मग डोक्यात लख्ख पडलं. इतकी वर्षं ती म्हणायची तेव्हा मी ऐकतच नव्हते. पुढचं उत्तर जुळवत होते. तिला हसवायचं होतं ना मला! नेम पाळायच्या नादात तिच्या ओळी मी एकदाही माझ्या तोंडानं म्हटल्या न्हाईत. आणि मी निघाले होते त्या लिहायला.

आता एवढ्या लांब येऊन हात हलवत कसं जायचं? मी चलाखी केली. अक्काच्या ओळी मनानंच जोडल्या. एकदा जीभ सुटली की मला काय अवघड? एकापेक्षा एक टोमणे. मुमताजबी मांडी पिटून हसली. बाकीच्या बायाही गोळा झाल्या. माणिकराव भराभर लिहीत होते. जेवायला भाकरी, पिठलं, शेंगाची चटणी होती. मी दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळी सगळ्या बाया घरी फोन लावत बसल्या. 'जेवलास का', 'गाईला पानी दाव'. मी मेघाला लावला, ती मीटिंगमध्ये होती. मग फोन हातात धरून उगंच बसले, लागलाय असं दिसावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकरावांनी कागद वाचून दाखवला. पहिली ओळ अक्काची, दुसरी माझी. परत तिची, परत माझी. दोनदा वाचला. विचारलं, "बाई, हे तुमचं?"

मी म्हटलं, "व्हय, सगळं माझंच. तेच तर वाईट झालं."

"म्हंजे?"

"अक्का टोमणे मारत नव्हती हो. ती साधं विचारायची. दमलीस का, भूक लागली का. वाकडं बोलायचं ते मी. ह्यात दोन्हीकडनं मीच बोलतेय. घरातबी तेच, कागदावरबी तेच. खोडा तिच्या ओळी."

मुमताजबी कळवळली. "अगे, इत्ता अच्छा गाना! किसकू मालूम पडता?"

"मला कळतंय की."

माणिकरावांनी खोडल्या न्हाईत. नवा कागद घेतला. माझ्या ओळी उतरवल्या आणि तिच्या प्रत्येक ओळीला जागा सोडली. म्हणाले, "पत्रात आमी असंच करायचो. मानसाला पुडचं सुचंना झालं की जागा सोडायची. घरी गेल्यावर आठवतंय कदी कदी."

दुपारी सगळ्यांचं वाचन. माणिकराव माझं वाचायला उठले. कोरी ओळ आली की ते थांबायचे, एक ओळ म्हणायला लागेल तेवढा वेळ. मग माझी. परत थांबायचे. पंख्याचा आवाज. शेवटची माझी ओळ होती:

"तू हो पुढं, मी आलेच, पात माझी राहिली."

एक ऊसतोडीची बाई म्हणाली, "मुकादम बोलवत आसल." मुमताजबी म्हणाली, "मरद बुलाता होयेंगा." सगळ्या हसल्या. मीपण हसले. पण ती ओळ कशाचं उत्तर आहे, ते मलाच ठाऊक नव्हतं.

निघताना मुमताजबीनं माझ्या हातात एक हिरवी बांगडी ठेवली. म्हणाली, "पेनना नक्को. बस, रख."

परतीला तुळजापूरचा घाट, मग नळदुर्ग, तिथनं शेवटची एसटी. ऊन पाठीमागनं येत होतं, शेतात सगळ्यांच्या सावल्या लांब पडलेल्या. हायवेच्या कडंनं कामावरनं परतणाऱ्या बाया चालल्या होत्या. एक पुढं गेली होती, ती थांबली, वळली आणि मागं राहिलेलीला हात करून काहीतरी ओरडली. बस पुढं गेली. मला ऐकू आलं न्हाई. पण आलं:

"ऊन कललं, घर लांब, चल की गं माघारी."

अक्काचीच. तिच्याच चालीत.

आता झाली पंचाईत. लिहिता येत न्हाई, शेजारी कोण ओळखीचं न्हाई, आणि म्हातारपणी डोक्यात ठेवलेलं चाळणीत ठेवल्यासारखं. मी ती ओळ म्हणायला लागले. एकदा, दोनदा, सारखी. कंडक्टर आला. "आजी, कुठं?"

"ऊन कललं, घर लांब, जळकोट एक, चल की गं माघारी."

"जप चाललाय व्हय?"

मी नुसती मान हलवली. बोलले असते तर सांडली असती. जळकोटला उतरले, म्हणत घर गाठलं, म्हणत कुलूप काढलं, म्हणत पीठ मळलं. मेघाचा फोन आला. "आई, पोचलात का नीट?"

"आधी लिही," मी म्हटलं, "पोचल्याचं मागनं बघू."

तिनं लिहून घेतली, वाचून दाखवली. दोनदा. मग म्हणाली, "आई, रडताय का?" म्हटलं, "न्हाई, कांदा चिरतेय." कांदा फळीवरच होता अजून.

लोक विचारतील, एवढं जाऊन काय मिळालं? एक कागद. चुलीजवळच्या फळीवर उभा केलाय, बांगडी त्याच्यापुढं. अक्षरं मला वाचता येत न्हाईत, कोऱ्या जागा मात्र येतात. प्रत्येक जागेपुढं थोडं थांबते, माणिकराव थांबायचे तसं. शेवटच्या जागेवर हळदीचं बोट लावलंय, तिथली ओळ सापडली म्हणून. बाकीच्या तशाच आहेत. भरतील असं वाटत न्हाई.

ऊन कललं की उंबऱ्यावर बसते आणि नेम मोडते. आधी अक्काची ओळ म्हणते, मोठ्यानं. मग लगेच उत्तर देत न्हाई. तिला वाट बघायची सवय आहे. जन्मभर माझी पात उशिराच संपली.